रस्ता बांधला, पण राखण कोणाची?
(नेटवर्क राउटिंग : दुसऱ्या पायरीचा धडा)

आपल्या बाजारपेठांत गेल्या काही वर्षांत एक नवा कारागीर तयार झाला आहे. तो दुकानात केबल ओढतो, कॅमेरे बसवतो, बिलाचा संगणक गोदामाशी जोडून देतो. सुतार किंवा वायरमन जसा हाताखाली राहून शिकला, तसाच हाही शिकला. पहिली पायरी त्याने चढली आहे. मात्र दुसरी पायरी कोणती आणि ती कशी चढावी, हे त्याला सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. प्रस्तुत लेख त्याच्यासाठी आहे. त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही तो वाचावा. कारण २०१८ पासून मालासोबत ई-वे बिल आले, २०१६ पासून यूपीआयने गल्ल्याची जागा घ्यायला सुरुवात केली, आणि आज जाळे बंद पडले की टेम्पो दारात उभा राहतो.

एक अनुभव आधी सांगतो. त्यात चूक माझीच होती.

एका घाऊक कापड व्यापाऱ्याची तीन ठिकाणे होती : बाजारातले दुकान, गावाबाहेरचे गोदाम आणि शिलाईचा कारखाना. तिन्ही मी एकमेकांना जोडली. दुकान ते गोदाम फायबर, गोदाम ते कारखाना फायबर, आणि दुकान ते कारखाना छपरावरचा रेडिओ. एक रस्ता तुटला तरी दुसरीकडून माल जावा अशी ती रचना होती. देखरेख म्हणून गोदामातल्या संगणकाला दर मिनिटाला पिंग करणारा एक छोटा प्रोग्रॅमही बसवला. पिंग चुकला की माझ्या फोनवर संदेश यायचा.

रमजानचा शेवटचा आठवडा होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी वारा सुटला, छपरावरचा अँटेना फिरला आणि दुकान एकदम तुटले. ना साठा दिसेना, ना बिल निघेना. मी धावत गेलो आणि पाहिले तर फायबर त्या दिवशी तुटलेलेच नव्हते. ते सतरा दिवसांपूर्वी रस्त्याच्या खोदकामात तुटले होते! सतरा दिवस सारा कारभार त्या बारीक रेडिओवरून चालला होता. नोकर म्हणायचे, "नेट जरा स्लो आहे." माझा पिंग मात्र एकदाही चुकला नव्हता. तो गोदामाला पोहोचत होता, फक्त कारखान्यावरून वळसा घालून.

हाजीसाहेबांनी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "बेटा, तू दोन रस्ते दिलेस खरे. पण एक तुटला हे मला सांगणार कोण?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचा धडा. रस्ता बांधणे हे अर्धे काम आहे. कोणता रस्ता आज वापरात आहे, हे रोज कळणे हे उरलेले अर्धे. तीच तीन ठिकाणे नमुना म्हणून घेऊ.

थोडी उजळणी

राउटरकडे पॅकेट आले की तो त्यावरचा पत्ता पाहतो आणि आपल्या मार्ग-तक्त्यात शोधतो. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत मुख्यतः तीन गोष्टी असतात : कोणते जाळे, पुढचा मुक्काम कोणता, आणि कोणत्या पोर्टमधून बाहेर पडायचे. राउटरला सबंध प्रवास ठाऊक असण्याची गरज नसते. पुढचा मुक्काम कळला की त्याचे काम झाले.

एकाच पत्त्याला तक्त्यातल्या दोन ओळी लागू पडल्या तर? तेव्हा जी ओळ जास्त नेमकी, ती जिंकते. टपालाचा पिनकोड आठवा. पहिला अंक फक्त विभाग सांगतो, सहाही अंक मिळून टपाल कार्यालय सांगतात. ज्याच्याकडे सहा अंकांची माहिती आहे, तो एका अंकाच्या माहितीवर विसंबत नाही. तसेच /२४ ची ओळ /१६ च्या ओळीवर मात करते. "बाकी सगळे इकडे" सांगणारा डिफॉल्ट मार्ग म्हणजे /०. तो सर्वांत शेवटी.

हा नियम किरकोळ समजू नये. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांपैकी एका /२४ तुकड्याचा मार्ग आपल्याकडे वळवला. तो मार्ग देशातच राहायला हवा होता. पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या त्यांच्या पुरवठादाराने तो न गाळता पुढे दिला आणि तो जगभर पसरला. यूट्यूबची स्वतःची घोषणा /२२ ची होती, म्हणजे कमी नेमकी. त्यामुळे जगातल्या राउटरांनी पाकिस्तानचा मार्ग खरा मानला आणि सुमारे दोन तास यूट्यूब जगाच्या मोठ्या भागात दिसेनासे झाले. एका ओळीची ही गोष्ट आहे.

आपला नमुना

दुकानाचे जाळे १९२.१६८.१०.०/२४, गोदामाचे १९२.१६८.२०.०/२४, कारखान्याचे १९२.१६८.३०.०/२४.

मधले दुवे असे : दुकान–गोदाम १०.०.१२.०/३०, दुकान–कारखाना १०.०.१३.०/३०, गोदाम–कारखाना १०.०.२३.०/३०. /३० मध्ये चार पत्ते असतात, त्यांतले दोन वापरता येतात. दुव्याला टोकेही दोनच असतात, म्हणून हे माप बरोबर बसते.

आकड्यांची शिस्त पाहा. दुकान १, गोदाम २, कारखाना ३. म्हणून १२ म्हणजे एक आणि दोन यांमधला दुवा. रात्री दोन वाजता फोन आला तर अशी शिस्त उपयोगी पडते. पत्ते हाती येतील तसे वाटणारा कारागीर पुढे स्वतःच्याच कामात हरवतो.

हाताने लिहिलेले मार्ग आणि त्यांच्या खोडी

दुकानाच्या राउटरला आपण हाताने सांगू शकतो की गोदामाचे जाळे १०.०.१२.२ या मुक्कामावरून मिळेल. याला स्थिर मार्ग म्हणतात. छोट्या कामाला तो चांगला. पण त्याच्या तीन खोडी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, परतीचा मार्ग. दुकानातून गोदामाकडे जायचा मार्ग लिहिला आणि गोदामातून दुकानाकडे यायचा लिहिला नाही, तर पॅकेट पोहोचते पण उत्तर येत नाही. शिकणारा तासभर दुकानाच्या राउटरमध्ये चूक शोधत बसतो, आणि चूक असते गोदामात.

दुसरी, संख्या. तीन ठिकाणी प्रत्येक राउटरवर दोन म्हणजे सहा मार्ग लिहावे लागतात. दहा ठिकाणे झाली की प्रत्येकी नऊ, म्हणजे नव्वद. नव्वद ओळी हाताने लिहिताना एक तरी चुकणारच.

तिसरी खोड सर्वांत वाईट. बदली मार्ग म्हणून आपण तोच मार्ग दुसऱ्या मुक्कामावरून, पण कमी भरवशाचा ठरवून लिहून ठेवतो. सिस्कोच्या राउटरात या भरवशाचा आकडा असतो : थेट जोडलेल्या जाळ्याला ०, स्थिर मार्गाला १, ओएसपीएफला ११०, आरआयपीला १२०. आकडा जितका लहान तितका भरवसा जास्त. बदली मार्गाला २०० दिले की मुख्य मार्ग तक्त्यातून गेल्यावरच तो पुढे येतो. कागदावर हे ठीक दिसते. पण मुख्य मार्ग तक्त्यातून जातो केव्हा? राउटरचा स्वतःचा पोर्ट बंद पडला तर. फायबर दोन किलोमीटरवर तुटले आणि राउटरशेजारचा मीडिया कन्व्हर्टर चालूच असला, तर पोर्टवरचा दिवा हिरवाच राहतो. राउटरला वाटते रस्ता शाबूत आहे. तो सगळी पॅकेटे त्या तुटक्या रस्त्याकडे ढकलत राहतो आणि बदली मार्ग कधीच पुढे येत नाही. म्हणून स्थिर मार्ग वापरायचाच असेल, तर पलीकडच्या टोकाला सतत तपासणारी सोय त्याला जोडावी. ती बहुतेक चांगल्या राउटरांत असते.

आपसात बोलणारे राउटर

राउटरांनी एकमेकांना विचारून मार्ग ठरवावेत, हा यावरचा उपाय. जुनी पद्धत आरआयपी. तिचे प्रमाणपत्रक १९८८ मध्ये निघाले. ती फक्त मुक्काम मोजते. पंधरा मुक्कामांपलीकडचे तिला दिसत नाही, आणि दर तीस सेकंदांनी ती आपला सारा तक्ता शेजाऱ्याला सांगते. दोन मुक्कामांचा महामार्ग आणि एका मुक्कामाची पायवाट यांत ती पायवाट निवडेल. आपल्या नमुन्यात ती दुकानातून कारखान्याला रेडिओवरूनच जाईल, जलद फायबर असूनही.

ओएसपीएफ ही पद्धत रस्त्याची रुंदी पाहते. तिचे पहिले प्रमाणपत्रक १९८९ चे. जुन्या प्रकारच्या पत्त्यांसाठी आज जी आवृत्ती चालते, तिचे प्रमाणपत्रक १९९८ चे. प्रत्येक राउटर आपल्या दुव्यांची माहिती सर्वांना देतो, त्यावरून प्रत्येकजण सबंध नकाशा तयार करतो आणि कमीत कमी खर्चाचा रस्ता शोधतो. हा हिशेब डच गणिती एड्सगर डाइकस्ट्रा यांचा. १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमला खरेदीला गेले असता, कॉफी पीत बसून वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय तो त्यांना सुचला. १९५९ मध्ये तो छापला गेला. ओएसपीएफ कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर तिच्याद्वारे एकमेकांशी बोलू शकतात. लहान व्यापाऱ्याला हे फार सोयीचे आहे.

खर्च काढण्याची सिस्कोची मूळ रीत सोपी आहे : १०० मेगाबिटला दुव्याच्या वेगाने भागा. दहा मेगाबिटचा दुवा असेल तर खर्च १०, शंभरचा असेल तर १. इथे दोन खड्डे आहेत.

एक खड्डा असा की हजार मेगाबिटच्या दुव्याचा खर्चही १ च येतो, कारण एकाहून कमी आकडा चालत नाही. शंभर आणि हजार यांत राउटरला फरकच दिसत नाही. म्हणून भागण्याचा मूळ आकडा वाढवावा, आणि तो सर्व राउटरांवर सारखाच ठेवावा.

दुसरा खड्डा माझ्या नमुन्यातलाच आहे. छपरावरचा रेडिओ दहा मेगाबिट देतो, पण तो राउटरच्या शंभर मेगाबिटच्या पोर्टमध्ये जोडलेला असतो. राउटर पोर्टचा वेग पाहतो, हवेतला नाही. तो रेडिओचाही खर्च १ धरतो. म्हणून रेडिओच्या दोन्ही टोकांना हाताने १० हा खर्च लिहावा. मग दुकान ते कारखाना थेट गेल्यास १०, गोदामावरून गेल्यास १ अधिक १ म्हणजे २. राउटर फायबरच घेईल आणि रेडिओ राखीव राहील.

मांडणी : पायरी पायरीने

दुकानाच्या राउटरवर सिस्को पद्धतीच्या आज्ञा अशा येतील. यंत्रावर त्या इंग्रजी अक्षरांत टंकायच्या असतात. इथे उच्चार दिले आहेत.

राउटर ओएसपीएफ १
राउटर-आयडी १.१.१.१
नेटवर्क १९२.१६८.१०.० ०.०.०.२५५ एरिया ०
नेटवर्क १०.०.१२.० ०.०.०.३ एरिया ०
नेटवर्क १०.०.१३.० ०.०.०.३ एरिया ०

यांतला ०.०.०.२५५ हा उलटा मास्क. २५५.२५५.२५५.२५५ मधून नेहमीचा मास्क वजा केला की तो मिळतो. /३० चा मास्क २५५.२५५.२५५.२५२, म्हणून उलटा ०.०.०.३. गोदामाला राउटर-आयडी २.२.२.२ आणि कारखान्याला ३.३.३.३ द्यावी. हा आकडा दोन राउटरांवर एकच पडला तर त्यांचे जमत नाही. तीन-चार ठिकाणांच्या कामाला एकच एरिया, म्हणजे एरिया ०, पुरेसा आहे.

यानंतर तीन गोष्टी विसरू नयेत.

१. दुकानाच्या आतल्या पोर्टला पॅसिव्ह करावे. तिकडे ग्राहकांचे आणि नोकरांचे संगणक आहेत, राउटर नाही. तिकडे ओएसपीएफची हाक मारण्याचे कारण नाही.

२. राउटरांमध्ये संकेतशब्द ठेवावा, म्हणजे कोणी परका राउटर मधे शिरून खोटे रस्ते शिकवणार नाही. २००८ ची गोष्ट आठवावी. जे शेजाऱ्याकडून घ्यायला नको ते गाळावे, आणि जे सांगायला नको ते सांगू नये.

३. मांडणी कायम जपून ठेवण्याची आज्ञा द्यावी. राउटरात चालू मांडणी वेगळी आणि साठवलेली वेगळी. साठवली नाही तर पहिल्याच भारनियमनात सारी मेहनत पुसली जाते.

शेजारी जमला का?

मांडणी झाल्यावर पहिली आज्ञा "शो आयपी ओएसपीएफ नेबर". आपल्या नमुन्यात प्रत्येक राउटरला दोन शेजारी दिसले पाहिजेत आणि दोघांपुढेही "फुल" हा शब्द हवा. दिसला नाही तर असे शोधावे :

शेजारी मुळीच दिसत नाही : दोन टोकांचा एरिया, मास्क, संकेतशब्द किंवा हाकेची वेळ जुळत नाही. हाक दर दहा सेकंदांनी जाते आणि चाळीस सेकंद उत्तर आले नाही तर शेजारी गेला असे धरले जाते. हे दोन्ही आकडे दोन्ही टोकांना सारखे हवेत. पोर्ट चुकून पॅसिव्ह केला असेल तरी असेच होते.

"इनिट" वर अडकला : आपल्याला त्याची हाक ऐकू येते, पण आपली त्याच्यापर्यंत पोहोचल्याची खूण येत नाही. मधे एखादी फायरवॉल किंवा रेडिओ २२४.०.०.५ या पत्त्यावरची हाक अडवत असेल.

"एक्सस्टार्ट" वर अडकला : बहुधा दोन टोकांच्या पॅकेटच्या कमाल मापात, म्हणजे एमटीयूमध्ये, फरक आहे. एका बाजूला १५०० आणि दुसऱ्या बाजूला कमी. रेडिओच्या दुव्यावर हे नेहमी आढळते.

ही यादी वहीत उतरवून घ्यावी. मधल्या पायरीच्या बऱ्याच तक्रारी यांतच मिटतात.

देखरेख : चार वेगळे प्रश्न

माझी चूक अशी की मी एकच प्रश्न विचारत होतो. विचारायचे चार असतात.

पहिला : पोहोचते का? याचे उत्तर पिंग देते. हे साधन माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. उपयोगी आहे, पण ते पोहोचल्याचे सांगते, कोणत्या रस्त्याने गेले ते सांगत नाही.

दुसरा : कोणत्या रस्त्याने? यासाठी ट्रेसराउट. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो, जो प्रत्येक राउटरवर एकाने घटतो. तो शून्य झाला की ते राउटर पॅकेट टाकून देते आणि पाठवणाऱ्याला तसे कळवते. ट्रेसराउट मुद्दाम आयुष्य १, मग २, मग ३ देऊन पाठवते आणि प्रत्येक मुक्कामाचे नाव काढून घेते. नमुन्यात दुकानातून गोदामाच्या संगणकाकडे तीन ओळी यायला हव्यात : दुकानाचा राउटर, गोदामाचा राउटर, तो संगणक. चौथी ओळ आली आणि मधे १०.०.१३.२ दिसले, की समजावे, वाहतूक कारखान्यावरून वळली आहे. त्या सतरा दिवसांत मी एकदा जरी ही आज्ञा दिली असती तर कळले असते.

रोज ती द्यायला माणूस बसवता येत नाही, म्हणून पहाऱ्याचा खरा आकडा वेगळा ठेवावा : शेजाऱ्यांची संख्या. दोनाचा एक झाला की तात्काळ संदेश. पिंग हिरवा असला तरी.

तिसरा : किती भरला आहे? यासाठी एसएनएमपी ही पद्धत १९८८ पासून आहे. देखरेखीचा संगणक राउटरला ठरावीक वेळाने विचारतो की या पोर्टमधून आतापर्यंत किती बाइट गेले, आणि दोन उत्तरांच्या वजाबाकीवरून वेग काढतो. १९९५ मध्ये टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी नावाचा प्रोग्रॅम मोफत दिला. त्यांच्या संस्थेत बाहेर जाणारी ६४ किलोबिटची एकच लाइन होती आणि ती किती भरते हे सर्वांना दिसावे म्हणून त्यांनी आलेख काढायला सुरुवात केली. आज झॅबिक्स, लिब्रेएनएमएस अशी मोफत साधने त्याहून पुष्कळ पुढे गेली आहेत.

यातही एक खड्डा. जुना मोजणीचा आकडा ३२ बिटांचा असतो. तो सुमारे ४२९ कोटी बाइटांवर पुन्हा शून्य होतो. शंभर मेगाबिटच्या भरलेल्या दुव्यावर हे पावणेसहा मिनिटांत घडते, हजार मेगाबिटवर अवघ्या ३४ सेकंदांत. तुम्ही पाच मिनिटांनी विचारत असाल तर मधे तो आकडा कितीतरी वेळा फिरून आलेला असेल आणि आलेख खोटा निघेल. म्हणून ६४ बिटांचा मोजणी-आकडाच निवडावा. तसेच एसएनएमपीचा कारखान्यातून आलेला "पब्लिक" हा परवलीचा शब्द तसाच ठेवू नये. शक्य तिथे तिची तिसरी आवृत्ती वापरावी.

माझ्याकडे हा आलेख असता तर फायबरची रेघ सतराव्या दिवसापूर्वीच जमिनीला टेकलेली दिसली असती, आणि रेडिओची रेघ छताला.

चौथा : केव्हा काय घडले? राउटर प्रत्येक घटनेची नोंद करतो. पण ती त्याच्या स्मृतीत असते, वीज गेली की जाते. म्हणून नोंदी दुसऱ्या संगणकावर पाठवाव्यात आणि सर्व राउटरांची घड्याळे एनटीपीने एक करावीत. तीन राउटर तीन वेळा दाखवत असतील, तर आधी काय तुटले आणि नंतर काय, हे ठरवता येत नाही.

शेवटची गोष्ट : इशारा देणारा संदेश त्याच रस्त्याने जाऊ नये ज्याच्या तुटण्याची तो खबर देणार आहे. दुकानात मोबाइलच्या सिमवर चालणारे एक छोटे साधन ठेवले तरी भागते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे सारे जाळे सुमारे सहा तास बंद होते. दुरुस्तीच्या नेहमीच्या कामातल्या एका आज्ञेने त्यांचे अंतर्गत दुवे तुटले आणि बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता सांगणारे मार्गही मागे घेतले गेले. दुरुस्ती लांबली, कारण दुरुस्तीची त्यांची साधनेही त्याच जाळ्यावर होती. एवढ्या मोठ्या कंपनीला जे भोवले ते आपल्यालाही भोवू शकते.

यावरून आणखी एक सवय लावावी. दुरून राउटर बदलताना "दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू हो" अशी आज्ञा आधी द्यावी आणि नवी मांडणी साठवू नये. चूक होऊन आपलाच संपर्क तुटला तर राउटर जुन्या मांडणीवर परत येतो. काम नीट झाले की ती आज्ञा रद्द करून मग साठवावे. मायक्रोटिकमध्ये याच कामासाठी "सेफ मोड" आहे.

घरी सराव

यंत्रे विकत घ्यायची गरज नाही. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर मोफत मिळते, जीएनएस-३ ही मोफत आहे. लिनक्सचा साधा संगणक असेल तर एफआरराउटिंग घालून त्याचाच राउटर करता येतो. सीसीएनए परीक्षेला एका एरियाचा ओएसपीएफ असतोच, म्हणजे हा सराव परीक्षेलाही उपयोगी पडेल. वरचा तीन ठिकाणांचा नमुना मांडावा आणि हे करून पाहावे :

१. दुकान–गोदाम केबल राउटरच्या पोर्टमधून ओढा. वाहतूक किती वेळात वळते?
२. आता त्या दुव्याच्या मधे एक स्विच ठेवा आणि स्विचच्या पलीकडची, म्हणजे गोदामाकडची, केबल ओढा. दुकानाच्या राउटरला शेजारी गेल्याचे कळायला आता किती वेळ?
३. रेडिओवरचा हाताने लिहिलेला खर्च काढून टाका. दुकान ते कारखाना ट्रेसराउटमध्ये काय बदलते?
४. एका टोकाचा एमटीयू कमी करा आणि शेजाऱ्याची अवस्था लिहून ठेवा.

उत्तरे : पहिल्यात जवळजवळ लगेच, कारण पोर्ट बंद पडल्याचे राउटरला दिसते. दुसऱ्यात चाळीस सेकंदांपर्यंत, कारण दुकानाचा पोर्ट हिरवाच असतो आणि राउटर हाकेची वाट पाहतो. तिसऱ्यात गोदामाचा मुक्काम गळतो आणि सारे रेडिओवर जाते. चौथ्यात "एक्सस्टार्ट". ज्याने ही चार उत्तरे स्वतःच्या हाताने काढली, त्याने दुसरी पायरी चढली असे समजावे.

व्यापाऱ्याने काय मागावे?

काम संपल्यावर पैसे देताना पाच गोष्टी मागून घ्याव्यात : जाळ्याचा एका पानाचा नकाशा, पत्त्यांची यादी, संकेतशब्द बंद पाकिटात, प्रत्येक राउटरच्या मांडणीची प्रत, आणि महिन्यातून एकदा मुख्य रस्ता मुद्दाम बंद करून राखीव रस्ता तपासण्याचा करार. पाचवी गोष्ट बहुतेकजण टाळतात, कारण चालू काम कशाला छेडायचे असे वाटते. पण न तपासलेला राखीव रस्ता असून नसल्यासारखा. कारागिरानेही या देखरेखीचा वेगळा मोबदला सांगावा, लाजू नये. केबल ओढण्याचे पैसे एकदाच मिळतात, राखणीचे दर महिन्याला.

हाजीसाहेबांच्या दुकानात गल्ल्याशेजारी आता एक कागद लावलेला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी, मी फायबर काढतो, रेडिओवर बिल काढून पाहतो, फायबर परत लावतो आणि कागदावर तारीख घालून सही करतो. शेजारी हाजीसाहेब स्वतः सही करतात. शेजाऱ्यांची संख्या दोनाची एक झाल्याचा संदेश आता माझ्याबरोबर त्यांच्याही फोनवर जातो. गेल्या पावसाळ्यात तो दोनदा आला. दोन्ही वेळा फायबर दुसऱ्या दिवशी जोडले गेले, आणि दुकानात कोणाला काही कळले नाही.